पॉक्सोची फिर्याद सांगली जिल्ह्यात: कशानंतर काय करायचं आणि प्रकरण कुठे अडतं

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आधी खात्री करून घेऊ." मग मामा येतो, चुलता येतो, पोरीला प्रत्येकासमोर पुन्हा तेच सांगावं लागतं. तोवर कपडे धुऊन वाळत पडलेले असतात आणि समोरच्याच्या कानावरही गोष्ट गेलेली असते. खात्री करणं हे घरच्यांचं काम नाही, शिक्षकांचं नाही, सरपंचाचं तर अजिबात नाही. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असली किंवा घडण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचं असतं. पुरावा गोळा करून मग या, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

पुढची माहिती पॉक्सो कायदा (२०१२), त्याचे २०२० चे नियम आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पोलीस आणि कोर्टाच्या फौजदारी कामाची पद्धत ठरवणारा कायदा) यांना धरून आहे. १८ वर्षं पूर्ण न झालेलं प्रत्येक मूल यात येतं, मुलगाही. "पोराचं काय एवढं" म्हणून जी प्रकरणं घरातच जिरतात, तीही याच कायद्याखाली येतात.

आधी माहीत असू द्या

१०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. धोका समोर असेल तर ११२. जिल्हा पातळीवर तीन कार्यालयांशी काम पडतं: महिला व बाल विकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मुलाची काळजी आणि निवारा यांबद्दल निर्णय घेणारी बाल कल्याण समिती आणि मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिन्ही सांगलीत आहेत. जत किंवा आटपाडीहून येणाऱ्याचा एका खेपेत पूर्ण दिवस मोडतो, म्हणून निघण्याआधी १०९८ वरून समितीची बैठक कधी आहे ते विचारून घ्या. तातडीच्या वेळी बैठकीची वाट पाहायची नसते. बैठक नसेल तेव्हा मुलाला समितीच्या एका सदस्यापुढेही हजर करता येतं.

पहिला टप्पा: मूल बोलतं तेव्हा

मूल बोलायला लागलं की हातातलं काम ठेवा आणि ऐका. मध्ये बोलू नका, रडू नका, "मग तू ओरडली का नाहीस?" असं तर मुळीच विचारू नका. विचारायचं ते इतकंच: काय झालं, कोणी केलं, आता कुठे दुखतंय का. नाव तुम्ही सुचवायचं नाही. "अमक्यानंच ना?" या एका प्रश्नावर पुढे कोर्टात बचावाचा वकील अर्धा तास घालवू शकतो.

"तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं बोला. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावंच लागणार आहे.

मूल बाजूला गेलं की लगेच वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत. शरीराच्या भागाला मूल जो शब्द वापरतं तोच लिहा, तुमचा सभ्य शब्द घालू नका. जतच्या पूर्व भागात मूल कानडीत बोललं असेल तर कानडी वाक्य देवनागरीत उतरवलं तरी चालेल. खाली सही करा.

इशारा: मुलाचं बोलणं मोबाईलवर चित्रित करू नका. तो व्हिडिओ कुणाला तरी दाखवला जातो, मग पुढे जातो, आणि त्यात मुलाचा चेहरा असतो. जबाबाचं चित्रीकरण तपास यंत्रणा कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने करते.

दुसरा टप्पा: घरातून निघण्याआधी

घटना ताजी असेल तर मुलाला अंघोळ घालू नका. आईचा हात पहिला बादलीकडेच जातो, तेवढा आवरायचा. शक्य असेल तर तपासणी होईपर्यंत लघवी, चूळ आणि दात घासणं टाळा. मूल फारच अस्वस्थ असेल तर मात्र अडवू नका. नमुन्यापेक्षा मूल मोठं.

घटनेच्या वेळचे कपडे, आतले कपडे, अंथरुणाची चादर न धुता ठेवायची. इथे नेमकी चूक होते ती पिशवीची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. किराणा दुकानातली खाकी कागदी पिशवी घ्या, प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत. कपडा ओला असेल तर घरातच सावलीत वाळू द्या. उन्हात नको, पंख्याखाली नको. पिशवीवर तारीख घाला आणि ती थेट तपास अधिकाऱ्याच्या हातात द्या, मधल्या कुणाच्या नाही. त्याने पंचनामा करून ती जप्त केली का, ते बघा.

कपडे धुतले गेले असतील तरी घेऊन जा. धुतल्यावर सगळंच जातं असं नसतं.

सोबत वयाचा पुरावा हवा, आणि त्याला कायद्याने क्रम लावून दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मागून ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका, जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते टिकत नाही. कागद हाताशी नसेल तर मात्र थांबू नका. फिर्याद आधी, कागद मागाहून.

तिसरा टप्पा: कळवणं

कोणीही कळवू शकतं: मूल स्वतः, आई, शेजारीण, अंगणवाडी सेविका, आशा ताई, पोलीस पाटील. पालकांची परवानगी लागत नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. उलट माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. यातून फक्त मूल सुटतं. त्याने उशिरा सांगितलं म्हणून त्याच्यावर काही येत नाही.

कोणत्या ठाण्यात जायचं यावर सांगलीत हमखास घोळ होतो, आणि त्याला कारणं आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कित्येक घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यावर देशभर पांगलेली आहेत. मूल आजीकडे गावी असतं आणि सुट्टीत आई-वडिलांकडे परराज्यात जातं. घटना तिथली, सांगितली इथे. उलटं चित्र गळीत हंगामात दिसतं. मराठवाड्यातून आलेली ऊसतोड टोळी फडाशेजारी कोप्या (झोपड्या) घालून राहते, आई-बाप पहाटे तोडीला गेले की पोरं कोपीत एकटी असतात, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी परत जाते. दोन्हीकडे उत्तर एकच: ज्या ठाण्यात तुम्ही उभे आहात तिथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेता येतो आणि मग तो संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. ऊसतोड कुटुंबाला तर हे आवर्जून सांगा, कारण "गावी गेल्यावर बघू" म्हणून मुकादमच वेळ काढतो.

इशारा: गावातली बैठक, "मिटवून टाका", दवाखान्याचा खर्च देतो, लग्न लावून देतो, यातलं काहीही कायद्याला मान्य नाही. पॉक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. तडजोडीच्या आधारावर असा खटला रद्द करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावलं तर तो आणखी एक गुन्हा, आणि नवरा झाला म्हणून आरोपी सुटत नाही. बैठकीला बसलेल्यांनाही घटना माहीत झालेली असते. न कळवल्याबद्दलची वर सांगितलेली शिक्षा त्यांनाही लागू होते, हे त्यांना एकदा ऐकवून बघा. आवाज खाली येतो.

चौथा टप्पा: दवाखाना

मुलाला जखम असेल, रक्तस्राव असेल, ताप असेल तर ठाण्याआधी दवाखाना. हा क्रम उलटा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी डॉक्टरने पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचा कागद मागायचा नसतो. एफआयआर नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते. खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार मोफत द्यावे लागतात आणि पोलिसांना कळवावं लागतं.

वेळेची गणितं अशी. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण दर तासाला ते कमी होत जातात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस चालतात. मधेच सोडली तर उपयोग नाही. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत डॉक्टर ती देऊ शकतात, पण ७२ तासांत ती जास्त भरवशाची.

म्हणून ग्रामीण रुग्णालयात "डॉक्टर बाई उद्या येतील" असं सांगितलं तर तिथे रात्र काढू नका. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते हे खरं, पण औषधं सुरू करायला त्यासाठी थांबायचं कारण नाही. औषधं घ्या, संदर्भपत्र घ्या आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चला. १०८ ची रुग्णवाहिका मागा.

तपासणीच्या वेळी आई किंवा मुलाला विश्वास वाटतो अशी व्यक्ती आत थांबू शकते. असं कुणी नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नेमलेली महिला हजर असते. दोन बोटांची चाचणी (मुलीला आधी शरीरसंबंधांची सवय होती का ते बोटांनी बघण्याची जुनी पद्धत) करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे. कुणी करू लागलं तर तिथेच हरकत घ्या.

घटना जुनी असेल, सहा महिन्यांपूर्वीची असली, तरी तपासणी करून घ्या. नमुने मिळणार नाहीत, पण संसर्ग, गर्भ, मनावरचा परिणाम यांची नोंद होते. "जखम आढळली नाही" एवढ्यावरून अत्याचार झालाच नाही असा निष्कर्ष निघत नाही. नातेवाईक मात्र हा शेरा वाचून खचतात आणि फिर्याद सोडून देतात.

मुलगी गरोदर असेल तर आणखी एक गोष्ट. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करून घेता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळ आणि न्यायालय. गर्भपात होण्याआधी तपास अधिकाऱ्याला कळवून डीएनएसाठी नमुना राखून ठेवायला सांगा. हा निरोप रुग्णालय आणि ठाणे यांच्यामध्ये राहून गेला तर सगळ्यात भक्कम पुरावा हातचा जातो.

पडताळणी: बाहेर पडताना हातात केसपेपर, औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख आहे ना? अहवाल डॉक्टरने सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो.

पाचवा टप्पा: ठाण्यात

मुलाला ठाण्यात बसवायची गरज नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. आई-वडील किंवा विश्वासातली व्यक्ती शेजारी असते. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी मुलाच्या नजरेलाही पडता कामा नये. ठाणं लहान असतं, एकाच बाकावर दोन्ही पार्ट्या बसवल्या जातात. असं दिसलं तर मुलाला घेऊन बाहेर गाडीत बसा आणि अंमलदाराला पॉक्सोच्या कलम २४ ची आठवण करून द्या.

कानडी, लमाणी किंवा दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला दुभाषी मिळतो, ऐकू-बोलू न येणाऱ्याला खुणांची भाषा जाणणारा. शेजारच्या माणसाला दुभाषी करू नका. तो आरोपीचा पाहुणा निघू शकतो.

फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवायला सांगा. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. सही करण्याआधी थांबून बघायचं ते असं:

मुलाची जन्मतारीख बरोबर आहे का. आरोपीचं मुलाशी नातं किंवा अधिकाराचं स्थान लिहिलंय का: नातेवाईक, शिक्षक, वसतिगृहाचा कर्मचारी, डॉक्टर. हे वगळलं तर गंभीर स्वरूपाची कलमं लागत नाहीत. मूल १२ वर्षांखालचं असेल, दिव्यांग असेल, प्रकार एकापेक्षा जास्त वेळा झाला असेल, तर तेही यायलाच हवं. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजाने आकडा घालू नका. "बेंदराच्या आधीच्या आठवड्यात", "चाचणी परीक्षा चालू होती तेव्हा" असं लिहिलेलं चालतं, आणि उलटतपासणीत चुकीच्या तारखेपेक्षा तेच टिकतं. मुलाच्या शब्दांच्या जागी "अश्लील कृत्य केले" असा ठोकळा शब्द पडला असेल तर बदलायला लावा. नक्की काय केलं यावरच कलम ठरतं.

पीडित मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि आरोपी त्या जाती-जमातींतला नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमंही लागतात आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. जातीचा दाखला त्यासाठी सोबत ठेवा.

पडताळणी: एफआयआरची प्रत मोफत मिळाली का? त्यावर गुन्हा नोंदणी क्रमांक आणि पॉक्सोचं कलम दिसतंय का? तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि त्याच्या वरिष्ठांचा फोन लिहून घेतला का? हे सगळं सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

नोंद करायलाच नकार दिला तर वाद घालत बसू नका. तीच फिर्याद कागदावर लिहा, पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा, पावती जपा. एक प्रत बाल कल्याण समितीला. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो, आणि पॉक्सोचं विशेष न्यायालय तक्रारीवरून थेट दखलही घेऊ शकतं. वकील विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. नोंद न घेणारा अधिकारी स्वतः पॉक्सोच्या कलम २१ खाली (न कळवल्याबद्दलची शिक्षा) येतो, ही ओळ अर्जात असू द्या.

सहावा टप्पा: पहिले चोवीस तास आणि बाल कल्याण समिती

पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. "समितीला कळवलं का, कधी?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशी फोन करून विचाराच, कारण सपोर्ट पर्सन (मुलासोबत राहणारी प्रशिक्षित व्यक्ती), तातडीची मदत, निवारा हे सगळं त्या एका कागदावर लटकलेलं असतं.

आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला चोवीस तासांत समितीपुढे हजर करतात आणि मुलाने घरी राहावं की नाही हे समिती तीन दिवसांत ठरवते. घरच्यांना इथे धसका बसतो की पोर नेणार. मूल कुणाकडे सुरक्षित राहील याचा पर्याय तुम्ही घेऊन गेलात तर समिती तो विचारात घेते. आजोळ, मावशी, थोरली बहीण, त्यांचा पत्ता आणि लेखी तयारी. आरोपी वडील असतील तर त्यांच्या भावाचं घर हा पर्याय होऊ शकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

सपोर्ट पर्सन म्हणजे तपास आणि खटला चालेपर्यंत मुलासोबत राहणारी प्रशिक्षित व्यक्ती. समिती ती मूल आणि पालक यांच्या संमतीने देते, पैसे लागत नाहीत. आरोपीला जामीन मिळाला का, तारीख कधी, मुलाला कोर्टात कसं न्यायचं हे सगळं तिच्याकडून कळतं. कुटुंबं "नको, आमचं आम्ही बघू" म्हणून सही देत नाहीत आणि दोन महिन्यांनी काय चाललंय याचा पत्ता नसतो. घ्या. पटली नाही तर बदलून मागता येते.

सातवा टप्पा: न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा जबाब

पोलिसांच्या जबाबानंतर मुलाचा जबाब न्यायदंडाधिकारी नोंदवतात. तिथे आरोपीचा वकील नसतो. मूल बोलतं तसं लिहिलं जातं.

आदल्या रात्री पोराला "असं असं सांग" म्हणून पढवणं ही सगळ्यात महागात पडणारी मदत. दोन जबाबांत शब्दन्‌शब्द सारखा आला की पढवल्याचा वास येतो, आणि पढवलेलं अर्धवट आठवलं तर दोन्हींत तफावत पडते. मुलाला इतकंच सांगा: जे आठवतंय ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर परत विचार.

मोबाईलवरचा प्रकार असेल तर

फोटो, व्हिडिओ, धमकी देऊन मागितलेली चित्रं, गेमच्या गप्पांतून झालेली ओळख. यात घरचे दोन टोकाच्या चुका करतात. एक, रागाने सगळं पुसतात किंवा फोन रिसेट करतात. दोन, "बघा काय चाललंय" म्हणून तेच चित्र चार नातेवाइकांना पाठवतात. पहिल्याने पुरावा जातो, दुसऱ्याने तुम्ही स्वतः गुन्हेगार ठरता. मुलाचं लैंगिक चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं दोन्ही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असं साहित्य पुसत नाही, कळवत नाही आणि जपून ठेवतो त्यालाही या कायद्यात धरलं आहे.

क्रम असा ठेवा. खात्याचं नाव, प्रोफाइलचा दुवा, फोन नंबर, तारीख-वेळ वहीत उतरवा. धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट चालतील, चित्राचे नको. फोन विमान मोडवर टाकून तपास अधिकाऱ्याकडे द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पण मुलाला न्याय हवा असेल तर ठाण्यातली फिर्यादही हवीच, निनावी तक्रारीवरून तपास अधिकारी तुमच्यापर्यंत पोचत नाही. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते.

शाळा, वसतिगृह, आश्रमशाळा

मुख्याध्यापकांसाठी एकच वाक्य: अंतर्गत चौकशी समिती नेमून अहवाल आल्यावर पोलिसांत जाणं हा गुन्हा आहे, शिस्त नाही. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), तक्रारपेटी, सीसीटीव्ही हे सगळं असलंच पाहिजे, पण त्यातलं काहीही पोलिसांना कळवण्याच्या आड येऊ शकत नाही. त्याच दिवशी कळवा, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी वेगळं काढून ठेवा (बऱ्याच यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं), हजेरीपट आणि वसतिगृहाचं आवक-जावक रजिस्टर कुलपात ठेवा. संशयित कर्मचाऱ्याला आधी बोलावून "खुलासा" घेऊ नका. तेवढ्या वेळात त्याचा फोन कोरा होतो.

ओळख जपणं

मुलाचं नाव, फोटो, शाळा, पालकांचं नाव, ज्यावरून मूल ओळखू येईल असं काहीही बाहेर जाता कामा नये. "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणून स्टेटसला फोटो लावणारा भाऊबंदच यात अडकतो. आरोपी बाप किंवा सख्खा चुलता असेल तर आरोपीचं नाव छापणं म्हणजे मुलाचं नाव छापणंच. मोर्चा काढणाऱ्यांनी फलकावर गावाचं आणि मुलाच्या वर्गाचं नाव घालण्याआधी दोनदा विचार करावा.

आठवा टप्पा: तपास ते साक्ष

पॉक्सोचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. महिन्यातून एकदा तपास अधिकाऱ्याला फोन करा. रोज करून उपयोग नाही. जामिनाच्या अर्जाची माहिती तुम्हाला मिळायला हवी आणि तिथे तुमचं म्हणणं मांडता येतं. धमकी आली, आरोपीचे लोक शाळेबाहेर दिसले, तर त्याची लगेच लेखी नोंद ठाण्यात द्या. जामिनाच्या सुनावणीत तोच कागद उपयोगी पडतो, तोंडी सांगितलेलं नाही.

न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि खटला शक्यतो वर्षात संपावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. म्हणून साक्षीच्या आदल्या आठवड्यात सरकारी वकिलांना भेटा. मुलाला रिकाम्या कोर्टाची खोली दाखवून आणायची विनंती सपोर्ट पर्सनमार्फत करा. पडदा किंवा व्हिडिओद्वारे साक्ष हवी असेल तर त्याच दिवशी नाही, आधी मागा.

साक्ष बंद दाराआड होते. दोन्ही बाजूंचे वकील थेट मुलाला विचारू शकत नाहीत, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. चारित्र्यावर घाव घालणारे, दटावणारे प्रश्न न्यायाधीशांनी थांबवायचे असतात. मुलाला मधे विश्रांती मागता येते. डबा, पाणी आणि लहान असेल तर आवडीचं खेळणं सोबत असू द्या. सकाळी अकराला बोलावलेलं मूल चारला उभं राहणं अशक्य नाही.

नववा टप्पा: पैसे

इथे लोक सगळ्यात जास्त हक्क सोडून देतात, कारण त्यांना वाटतं भरपाई निकालानंतरच मिळते. तसं नाही.

पहिली, तातडीची मदत. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी समिती शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून एका आठवड्यात पैसे द्यायचे असतात. जत-सांगली खेपांचं भाडं यात मागा, तिकिटं जपा.

दुसरी, अंतरिम भरपाई. एफआयआर झाल्यानंतर कधीही विशेष न्यायालयाकडे अर्ज करता येतो, न्यायालय आपणहूनही देऊ शकतं. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने रक्कम द्यायची असते.

तिसरी, राज्याची मनोधैर्य योजना. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते आणि प्रकारानुसार १० लाखांपर्यंत मदत देते. पोलिसांकडून एफआयआर तिकडे गेला असेलच असं धरून चालू नका. स्वतः सांगलीला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन एफआयआर, वैद्यकीय कागद, वयाचा दाखला, पालकाचं ओळखपत्र आणि पासबुकाची प्रत द्या, आणि आवक क्रमांक घ्या.

खातं मुलाच्या नावाने उघडावं लागतं आणि मोठा भाग मुदत ठेवीत जातो. बँकेत पालक म्हणून सवयीने वडिलांचं नाव घातलं जातं. आरोपी वडील किंवा त्यांच्याकडचं कुणी असेल तर खात्यावर आईचं किंवा समितीने ठरवलेल्या पालकाचं नाव घाला, आणि बँकेचे निरोप ज्या मोबाईलवर जातात तो नंबरही तिचाच द्या. जुन्या संयुक्त खात्याचं पासबुक जोडलं असेल तर रक्कम जमा होण्याआधीच अर्ज देऊन ते बदलून घ्या.